काउंटरच्या पलीकडे

४ ऑक्टोबर

ती. ताईंना साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि यांना फोनवर हळू बोलता येत नाही, म्हणून लेक म्हणाली, आई, तू आपलं पत्रच लिही. तिचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून खालची सगळी बाजारगल्ली दिसते. मी पहिल्याच सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत बसले ती लेक ऑफिसला गेली तरी तिथेच.

ताई, काय गल्ली आहे. एकेका माणसाचं एकेक दुकान. एक दुकान नुसत्या ब्रशांचं. दातांच्या ब्रशापासून घोड्याचं अंग घासायच्या ब्रशापर्यंत सगळे, आणि दुसरं काही मागितलं तर दुकानदाराला अपमान वाटतो. एक म्हातारी टोप्या विकते. ती टोपी गिऱ्हाइकाला घालू देत नाही, स्वतः घालून दाखवते. शनिवारी मधल्या चौकात गाड्या लावून बाजार भरतो. इथली भाषा आपल्याला येत नाही, पण घासाघीस करायला भाषा कशाला हवी? बोटं आहेत, भुवया आहेत, आणि निघून जायला पाय आहेत.

पण माझं नशीब तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या भावाने जन्मभर काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून माल विकला. बाहेरच्या बाजूला उभं कसं राहायचं हे त्यांना माहीतच नाही. शनिवारी मी एका वेताच्या टोपलीवरून बाईला अर्ध्यावर आणली होती. बाई हो म्हणणार, तिची मान खाली येत होती, तेवढ्यात हे मागून म्हणाले, "अगं, त्यांना परवडायला नको का?" आणि पहिल्यांदा सांगितलेली किंमत देऊन मोकळे. वर त्या बाईला नमस्कार. काचेच्या वाट्यांच्या दुकानात तर बोलता बोलता काउंटर ओलांडून आत गेले आणि मलाच विचारलं, "बोला, काय देऊ?" दुकानदार बघतच राहिला. मी हसले, पण ताई, नंतर घरी येऊन मला जरा कसंसंच झालं. सकाळी उठले की अजून त्यांचा हात खिशात किल्ल्या चाचपतो.

तर आपल्या बंद केलेल्या दुकानाच्या त्या किल्ल्या. फडताळात डाव्या बाजूला आहेत. फोटो स्टुडिओवाले मोजमाप घ्यायला येणार आहेत, त्यांना दुकान उघडून द्या. आम्ही आलो की जागा त्यांच्या ताब्यात द्यायची, आणि आतलं सगळं सामान घाऊक व्यापारी उचलून नेणार. यांनी शब्द दिलाय. तुम्हाला उगाच त्रास.

तुमच्यासाठी काय आणू ते कळवा.


१३ ऑक्टोबर

सौभाग्यवती भावजयबाईंस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मला काही आणू नकोस. आणायचंच असेल तर ठोक्याला नीट घेऊन ये.

तुझं चुकतं कुठे ते सांगते. तू त्याला बाजारात नेतेस हेच चुकतं. लहानपणी हातात हातोडी घेऊन घरभर ठोकत फिरायचा तेव्हापासून मी ओळखते त्याला. त्याला दुकान दिसलं की दुकानदाराचीच दया येते. त्याला घरी बसव, वर्तमानपत्र दे. भाषा येत नसली तर चित्रं बघेल.

फोटोवाले येऊन गेले. फीत लावून भिंती मोजल्या. मी शटर उघडलं तेव्हा त्याने असा आवाज केला की समोरचा शिंपी मशीन सोडून बाहेर आला. आत धूळ फार झाली होती म्हणून थोडी झाडलोट केली. घरी तरी मी एकटी काय करणार.

एक विचारायचं होतं. ठोक्याला सहज विचार, माझं नाव घेऊ नकोस. स्वयंपाकघराच्या दाराला बिजागरी बसवायची असेल तर स्क्रू केवढे लागतात? आपलं मागचं दार कुरकुरतंय.

तब्येत उत्तम. गुडघे बरे आहेत. चढउतार केली की मोकळे होतात असं दिसतं.


२२ ऑक्टोबर

ती. ताईंना साष्टांग नमस्कार.

तुमचा सल्ला मानला आणि यांना घरी बसवलं. मी एकटी बाजारात गेले. दोन टॉवेल, एक चाळणी आणि लेकीसाठी पायपुसणं, सगळं मनासारख्या भावाने घेतलं. टोपीवाल्या म्हातारीशी तर इतका वेळ वाद घातला की शेवटी तिने मला बसायला स्टूल दिलं. तुम्हाला सांगते, जीव कसा थंड झाला.

घरी आले तर घराला कुलूप. हे गायब. परका मुलूख, भाषेचा पत्ता नाही. मी टॉवेल छातीशी धरून गल्लीत सैरावैरा. शेवटी ब्रशवाल्याने हाताने खूण केली, तिकडे. गल्लीच्या टोकाला हार्डवेअरचं दुकान आहे. एवढंसं, अंधारं, आपल्यासारखंच. मालकाच्या मिशा ओठांवरून खाली आल्यात, म्हणून मी त्यांना मिशीवाले म्हणते. आत बघते तर तुमचे बंधू बाह्या सरसावून खिळ्यांचे डबे फडताळातून काढतायत आणि मिशीवाले ते परत ठेवतायत. हे आपल्या भाषेत ओरडतायत, "लहान पुढे, मोठे मागे, अहो गिऱ्हाईक लहानच मागतं." ते त्यांच्या भाषेत ओरडतायत, देव जाणे काय. दोघांचे चेहरे लालबुंद. मी यांना हाताला धरून बाहेर काढलं. रस्त्यात मला म्हणाले, "चांगला माणूस आहे. उद्या परत जाणार आहे."

आणि ताई, रोज जातात. भांग पाडून जातात.

तुमचा बिजागरीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, सहज आपलं. त्यावर त्यांनीच दहा प्रश्न विचारले. दार सागवानी की प्लायचं? आत उघडतं की बाहेर? कोणी लोंबकळतं का त्याला? इतके खूश झाले की दोनदा जेवण वाढून घेतलं. दाराच्या जाडीच्या अर्ध्याहून थोडा जास्त स्क्रू, असं उत्तर आहे. वर म्हणाले, "आपल्या मागच्या दाराचं विचारत असशील तर ते मी स्वतः बसवलंय, ते कुरकुरणं शक्य नाही." ताई, तुम्ही नीट ऐकलंत ना? कान तपासून घ्या एकदा.


३१ ऑक्टोबर

सौभाग्यवती भावजयबाईंस आशीर्वाद.

माझे कान फोनपुरते बिघडलेत, दारापुरते नाहीत. दार शेजारणीचं होतं. आपलं म्हणाले ते चुकून.

स्क्रू बरोबर बसले. आता पुढचं विचार. एका कागदावर लिहून घे, नाहीतर अर्धं विसरशील. लाकडी दाराला लावायचा रंग आणि भिंतीला लावायचा रंग डब्यावरून ओळखायचा कसा? नळ बंद केला तरी टपकतो, तर आतलं काय बदलायचं? दोन कान असलेला नट कशाला वापरतात? उंदीर पत्रा कुरतडत नाही तो पत्रा कोणता? आणि कुलूप डाव्या हाताचं की उजव्या हाताचं हे कुणाच्या डाव्या-उजव्यावरून ठरतं, आत उभ्या असलेल्याच्या की बाहेर उभ्या असलेल्याच्या? रंगाचं आधी विचार. त्याची घाई आहे.

बाकी ठीक. दुपारच्या जेवणाला हल्ली जरा उशीर होतो. हाताला रॉकेलचा वास येतो म्हणून लिंबू लावते. झोप मात्र इतकी छान लागते की काय सांगू.

ठोक्या मिशीवाल्याकडे जातो तर जाऊ दे. त्याला घाईघाईने घेऊन येऊ नका. हवा मानवतेय ना त्याला?


९ नोव्हेंबर

ती. ताईंना साष्टांग नमस्कार.

ताई, मला खरं सांगा. घर पडलं का?

दार, रंग, नळ, पत्रा, उंदीर, कुलूप. मी कागद वाचला आणि पायाखालची जमीनच सरकली. तुम्ही दुपारचं जेवत नाही, हात रॉकेलने धुता, आणि वर आम्हाला लवकर येऊ नका म्हणता. आपलं घर उंदरांनी पोखरलं असेल आणि तुम्ही एकट्या डागडुजी करत असाल, तर असं लपवू नका हो. मी लेकीला काही बोलले नाही. यांनाही नाही. प्रश्न मात्र विचारले, एकेका जेवणाला एकेक, म्हणजे संशय येणार नाही. उत्तरं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत, सोबत आहेत. दोन कानांच्या नटाला तर ते इतके रंगात आले की आमटी निवली. तो हाताने आवळायचा असतो, पान्याशिवाय.

आता इकडचं ऐका. मिशीवाल्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आणि दुकान कोण चालवतंय म्हणाल? तुमचे बंधू. मिशीवाल्यांनी यांच्या हातात किल्ल्या दिल्या आणि गळ्यात पडून गेले. सकाळी मी खिडकीतून बघते, हे शटर वर करतात, दोन्ही हात झटकतात आणि गल्लीकडे असे बघतात जसे काही राजे. भाषेचं काही अडत नाही. गिऱ्हाईक हाताने दाखवतं, हे हातानेच आणखी चार प्रश्न विचारतात. काल लेकीचे साहेब दिव्याचा होल्डर घ्यायला आले. यांनी त्यांना स्टुलावर बसवून छत केवढं उंच आहे ते हातवारे करून विचारलं. लेकीने मला रात्री जेवताना सांगितलं, "आई, साहेब म्हणाले तो माणूस फार हुशार आहे. मी म्हटलं हो, आणि फाईल उघडली."

मीसुद्धा गेले. गिऱ्हाईक म्हणून गेले, ओळख न दाखवता. टॉवेल अडकवायची खुंटी हवी होती. त्यांनी किंमत दाखवली, मी अर्धी दाखवली. त्यांनी मान हलवली. मी खुंटी ठेवून निघाले आणि चार पावलांवर थांबले, परत बोलावतील म्हणून. नाही बोलावलं, ताई. स्वतःच्या बायकोला. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणतात कसे, "दुकान त्यांचं आहे, सूट मी कशी देणार?" दुसऱ्या कुणाच्या वस्तूवर मी भाव पाडला की उदार होतात आणि मिशीवाल्यांची खुंटी आली की कडक.

पण खरी काळजी वेगळीच आहे. परवा जेवताना म्हणाले, "फोटोवाल्यांना नाही सांगितलं तर काय होईल?" मी त्यांना गप्प केलं. शिडीवर चढताना यांचे गुडघे थरथरायचे तेव्हा खाली शिडी धरून मी उभी असायचे, तुम्हाला आठवत असेल. पलीकडे ते नवं मोठं दुकान उघडल्यापासून आपल्याकडे गिऱ्हाईकही किती राहिलं होतं? शब्द दिलाय, तो दिलाय. तुम्ही तरी पाघळू नका. त्यांनी लिहिलं तर ठाम रहा. फोटोवाल्यांना म्हणावं, ठरल्याप्रमाणे होईल.

आणि घराचं काय ते लगेच कळवा.


१७ नोव्हेंबर

सौभाग्यवती भावजयबाईंस आशीर्वाद.

घर उभं आहे. उंदीर नाहीत. असते तरी मी असताना त्यांची काय बिशाद. आता बसून वाच, आणि ठोक्याला सांगू नकोस.

फोटोवाले मोजमाप घेत होते त्या दिवशी शटर वर होतं. तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक बाई धावत आली, पदर ओला, पावलं ओली. घरात नळ तुटून पाणी चाललं होतं. मोठ्या दुकानात गेली तर तिथे म्हणाले, पूर्ण नळ घ्या, सुटा तुकडा मिळत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी मागे बघितलं, मागे कुणी नव्हतं. मग मीच आत गेले. चौथ्या खणात सापडला. ती गेली आणि मी काउंटरवर हात ठेवून उभी राहिले. फोटोवाले म्हणाले, "मावशी, ही भिंत पाडायचीय, जरा सरकता?" मी म्हटलं, "नाही." मला वाटतं त्यांना त्या एका शब्दात सगळं कळलं. मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी झाडलोट करायला म्हणून पुन्हा उघडलं. तिसऱ्या दिवशी कारण शोधलं नाही.

माझ्या चुका सांगते, म्हणजे तुला खोटं वाटायला नको. शिंप्याला दाराला लावायला भिंतीचा रंग दिला. त्याच्या बायकोने दार पुसलं तेव्हा अर्धं दार फडक्यावर आलं. त्याची घाई होती ती ही. तुझा कागद आला त्या दिवशी त्याला योग्य डबा दिला आणि अर्धं दार मी स्वतः रंगवलं. एकाला कुलूप उलटं दिलं, तो आता आपल्याच घरात आतून कोंडला जातो, पण परवा बदलून नेईल. कानवाल्या नटांना मी आठवडाभर कपाटाच्या मुठी म्हणून विकत होते. कुणी तक्रार केली नाही.

लोक येतात, अगं. मोठ्या दुकानात त्यांना पाकिटंच्या पाकिटं घ्यावी लागतात. इथे एक खिळा मागता येतो आणि वर ऐकून घ्यायलाही मी असते. ऐकून घेते, उत्तर देत नाही, ते त्यांना आवडतं असं दिसतं.

फोटोवाल्यांची काळजी करू नकोस. नाक्यावरची जागा त्यांना मिळाली, तिथे उजेड चांगला आहे. तिथल्या फ्रेमा टांगायला सगळे हुक माझ्याकडूनच नेले. शब्द ठोक्याने दिला होता, मोडला मी. त्याचं तोंड शाबूत आहे.

आमच्या बाबांनी ठोक्याला गल्ल्यावर बसवलं तेव्हा मीही शेजारी येऊन बसले होते. मला म्हणाले, "तू आईला मदत कर." लग्न झालं, पुढे परत आले, तेव्हाही स्वयंपाकघरातच आले. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं मी समजत होते. आता दुकानात बसल्यावर कळतंय की वाटत होतं.

म्हणून त्याला सांगू नकोस. तो पहिल्या गाडीने येईल, "ताई, ऊठ, मी बघतो," म्हणेल, आणि मी उठेन. मला माहीत आहे मी उठेन. लहान भाऊ आहे माझा.


२६ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. लिहायला बसलो की काय आणि किती नग एवढंच सुचतं.

तुझं पत्र हिने मला वाचून दाखवलं. "ठोक्याला सांगू नकोस" हे वाक्यही वाचून दाखवलं. मग तोंडावर हात ठेवून बसली. तिला रागावू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही.

मला राग आला. मी गल्लीत जाऊन चालत राहिलो. माझं दुकान, माझा शब्द, आणि मला न विचारता. टोपीवाल्या म्हातारीने हाक मारून काहीतरी विचारलं, मी तसाच पुढे गेलो. मग मिशीवाल्यांच्या दुकानापाशी आलो. ते बरे होऊन आज पहिल्यांदाच आले होते. डोळ्यावर काळा चष्मा. मी पुढे आणलेले लहान डबे ते उचलून एकेक मागे ठेवत होते, मोठे पुढे. मला बघून थांबले. पुन्हा ठेवायला लागले. त्यांचं दुकान आहे. मी इतके दिवस तिथे उभा होतो, सगळं माझ्या मनासारखं लावलं होतं, आणि ते परतल्यावर मी दारात उभा. आत जावं की नाही कळेना. बाहेरच उभा राहिलो. ताई, फार अवघड वाटतं तसं उभं राहायला.

शेवटी त्यांनीच आत बोलावलं. चहा मागवला.

आता कामाचं. कानवाले नट मुठी म्हणून विकू नकोस, सैल होतात, कुणाच्या हातात मूठ येऊन कपाट उघडं राहील. कुलपाचं डावं-उजवं बाहेर उभं राहून बघायचं. वरच्या फळीवर टर्पेंटाइनच्या बाटल्या आहेत, त्यांच्याजवळ दिवा नेऊ नकोस. शिडीची तिसरी पायरी हलते, तिच्यावर पाय देऊ नकोस. चौथ्या खणात नळाचे तुकडे आहेत हे तुला सापडलं, मला आश्चर्य वाटलं. मला स्वतःला ते दरवेळी शोधावे लागायचे.

तुला ऊठ म्हणणार नाही. पण मला घरी बसून राहवणार नाही. मग मी कुठे बसू, ते तूच सांग.

ही शेजारी बसून वाचतेय आणि म्हणतेय, खुंटीचं लिहा. खुंटी शेवटी पूर्ण किमतीला विकत घेऊन दिली. माझ्या खिशातून.


५ डिसेंबर

चि. ठोक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातच उघडलं. सकाळी वाचायला घेतलं ते दुपारी संपलं, मध्ये मध्ये माणसं येत होती. टर्पेंटाइनच्या बाटल्या खाली आणल्या. तिसरी पायरी सुताराकडून ठोकून घेतली, तुझ्याच्याने झाली नाही ती इतकी वर्षं.

तू विचारलंस म्हणून सांगते, मी विचार करून ठेवला आहे. गल्ल्यावर खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर मी आहे. शिडीवर तू चढायचं नाहीस, तुझ्या गुडघ्यांबद्दल तुझी बायको म्हणते ते मला मान्य आहे. माल आणायला घाऊक व्यापाऱ्याकडे तू जायचं नाहीस, तू त्याचीच दया करत बसशील आणि आपण बुडू. तिथे ती जाईल. तिला म्हणावं, तिथे भुवया उडवायला पूर्ण मोकळीक आहे, आणि मागून कुणी बोलणार नाही.

राहता राहिलास तू. दुकानाबाहेर शटरला लागून मी एक बाक टाकून घेतला आहे. सुताराने केला, पाठ टेकायला आहे. मला गिऱ्हाइकाला प्रश्न विचारता येत नाहीत, रे. मी ऐकते आणि देते, आणि निम्म्या वेळा चुकीचं देते, कारण माणसाला हवं असतं एक आणि तो मागतो दुसरं. हे तुला कळतं. मला वाटलं होतं, बसल्या बसल्या शिकेन. नाही जमणार, या वयात तेवढा धीर नाही. तू बाहेर बस. कोण आलं, कशाला आलं, दार आत उघडतं की बाहेर, कोणी लोंबकळतं का, सगळं तू काढून घे आणि आत ओरडून सांग. दुकानात मला ऐकू येतं.

घाई करू नका. मिशीवाल्यांचे डोळे नीट होईपर्यंत त्यांना हाताशी कुणी हवं असेल तर रहा.

मघापासून एक गृहस्थ दारात उभे आहेत. हातात एक लोखंडी तुकडा आहे आणि म्हणतात, याच्यासारखंच द्या, पण असं नको. मी त्यांना बाकावर बसवलंय. तुम्ही येईपर्यंत बसून राहतील असं वाटत नाही.

म्हणजे जरा घाई केली तरी चालेल.

ताई